हार्बर लाइनने मुंबई बघायची तर स्टेशन नंतर, बाजू आधी ठरवा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुण्याहून खारघरला येऊन दीड वर्ष झालं, पण मुंबई गेटवे आणि मरीन ड्राइव्हच्या पुढे सरकली नाही. आता वडील महिनाभर राहायला आलेत, वय ६८, गुडघे कुरकुरतात. त्यांना घेऊन एका दिवसात सीएसएमटी ते कुर्ला हार्बर लाइनच्या प्रत्येक स्टेशनवर उतरायचं, अर्धा तास फिरायचं आणि पुढची गाडी पकडायची. हे जमेल का, आणि कुठं काय बघावं? शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की वडील मूळचे अलिबागकडचे, लहानपणी लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरायचे. तुमच्या दृष्टीने ती जादा माहिती होती. माझ्या दृष्टीने सगळं उत्तर त्या ओळीत आहे.

आधी माझ्याबद्दल दोन शब्द. मी वडाळ्यात वाढले. बंदराजवळच्या एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात २६ वर्षं नोकरी केली, म्हणजे २६ वर्षं खिशात वडाळा–सीएसएमटीचा पास. नोकरी सुटल्यावर चार-पाच जणांना घेऊन याच लाइनवर पायी फिरवायला लागले, त्यालाही आता दहा वर्षं होतील.

पहिल्यांदा मीसुद्धा तुमचाच बेत केला होता. सीएसएमटी, मस्जिद, सॅण्डहर्स्ट रोड, डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी, वडाळा रोड, गुरु तेग बहादूर नगर, चुनाभट्टी, कुर्ला. अकरा स्टेशनं, अकरा वेळा जिने, अकरा वेळा गाडीची वाट. कॉटन ग्रीनला पोचेपर्यंत माझ्याबरोबरची मंडळी दोनच गोष्टी शोधत होती, सावली आणि मुतारी. त्या दिवशी काय बघितलं असं नंतर विचारलं तर एकीला फक्त पादचारी पूल आठवत होते. तेव्हा जमेल का, तर जमेल. करू नका.

खरा प्रश्न कुठल्या स्टेशनांवर उतरायचं हा नाहीच. कोणत्या बाजूला उतरायचं, हा आहे. वेस्टर्नला किंवा मेन लाइनला पूर्व-पश्चिम म्हणजे घरभाड्याचा फरक. हार्बरवर, निदान डॉकयार्ड रोडपासून शिवडीपर्यंत, पूर्व आणि पश्चिम ही दोन वेगळी गावं आहेत. पश्चिमेला माणसं राहतात, पूर्वेला माल राहतो.

याचं कारण लाइनच्या जन्मात आहे. १९१० साली ही लाइन कुर्ल्यापासून रे रोडपर्यंत सुरू झाली, आणि तिची ओढ बंदराकडे होती. माझगाव ते शिवडी समुद्रात भराव घालून बंदराने नवी जमीन केली. तिच्यावर गोदामं, वखारी, मालगाड्यांचे रूळ आले. जुनी वस्ती, टेकडी, चर्च, चाळी या भरावाच्या अलीकडे राहिल्या. आपली लोकल साधारण त्या शिवणीवरून धावते. तिकीट काढून बघायची गोष्ट ही शिवण आहे. ती एकदा डोळ्यांना दिसली की प्रत्येक स्टेशनवर उतरायची गरजच उरत नाही.

रे रोडपासून पुढे व्हीटीपर्यंत, म्हणजे आताच्या सीएसएमटीपर्यंत, यायला १९२५ उजाडलं. मधे डोंगरी-मांडवीची दाट वस्ती होती, म्हणून रूळ वर उचलून पुलावरून नेले. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला जी गाडी धावली ती देशातली पहिली विजेवरची गाडी. हे हार्बरवाल्यांना सांगितलं की ते हसतात, कारण आपल्या लाइनीला कायम सावत्र वागणूक मिळाली अशी आमची पक्की समजूत. १५०० व्होल्ट डीसीवर सुरू झालेल्या या लाइनवर २५,००० व्होल्टची एसी वीज यायला २०१६ उजाडलं.

आता तुमच्या दिवसाची आखणी. जाताना कुठंही उतरू नका. खारघरहून गर्दी ओसरल्यावर, साडेनऊ-दहाच्या सुमाराला निघा आणि थेट सीएसएमटीपर्यंत बसून जा. तास-सव्वा तास लागेल. हार्बरवर गाड्या स्लोच असतात, त्याचा इथं फायदा: प्रत्येक स्टेशनवर गाडी थांबते आणि तुम्हाला फुकटात अर्धा मिनिट बघायला मिळतं. एक युक्ती सांगते. वडिलांना दोन्ही वेळा उजव्या हाताची खिडकी द्या. जाताना वडाळ्यानंतर उजवीकडे पश्चिम, म्हणजे माणसांची बाजू दिसेल. येताना उजवीकडे पूर्व, मालाची. एकाच माणसाला एकाच दिवशी दोन्ही गावं दिसतात, पायाला त्रास न होता.

सॅण्डहर्स्ट रोडला उतरू नका, जिने फार. पण डोळे उघडे ठेवा. हार्बरचे रूळ तिथं मेन लाइनच्या डोक्यावरून जातात. खाली कल्याणकडे जाणारी गाडी, वर तुम्ही. त्याच्या अलीकडे-पलीकडे गाडी चाळींच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्याला घासून चालते. कुणाची दोरीवरची चादर, कुणाचा टीव्ही, गॅलरीत दात घासणारा माणूस. अशा वेळी मोबाइल वर करून फोटो काढू नका. ते त्यांचं घर आहे.

येताना कुठं उतरायचं ते तुमच्या वारावर अवलंबून आहे. मस्जिद हे घाऊक बाजाराचं स्टेशन. सुकामेवा, मसाले, दोऱ्या, पत्र्याचे डबे, हातगाड्या. कामाच्या दिवशी तिथं ६८ वर्षांच्या माणसाला घेऊन चालणं म्हणजे 'साइड, साइड' ऐकत भिंतीला चिकटून राहणं. रविवारी रस्ता मोकळा, पण बाजार बंद, म्हणजे गंमतही बंद. शिवाय रविवारी हार्बरवर बहुतेक वेळा मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद. तो न बघता मी एकदा सात जणांना घेऊन सीएसएमटीला उभी राहिले होते; चूक माझीच, वर्तमानपत्रात आलं होतं. मला विचाराल तर मधला वार घ्या आणि मस्जिदला एकच गोष्ट बघा.

मस्जिद नावावरून सगळे मशीद धरून चालतात. पण ज्या जागेवरून हे नाव पडल्याचं सांगतात ते ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे: शार हारहमीम, दयेचं द्वार. मुंबईतलं हे पहिलं सिनेगॉग १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधलं. ते कंपनी सरकारच्या फौजेत होते, म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत पडले, सुटून आल्यावर हे बांधलं. लोक त्याला जुनी मशीद म्हणत. दिवेकर हे आडनाव ऐकलंत ना? बेने इस्रायली मंडळी कोकणातली, घरात मराठी बोलणारी. घाण्यावर तेल काढायचा धंदा आणि शनिवारी सुटी, म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणायचे. तुमच्या वडिलांना हे वेगळं सांगावं लागणार नाही, अलिबागच्या इस्रायल आळीतून ते लहानपणी गेले असतील. शनिवारी पाहुणे म्हणून जाऊ नका, आणि एरवीही दारावर विचारूनच आत जा.

पूर्वेचा माल पश्चिमेच्या माणसांवर एकदा अक्षरशः येऊन पडला, तो याच भागात. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉकमधलं 'फोर्ट स्टिकिन' जहाज. त्याच्या पोटात कापसाच्या गाठी, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा एकत्र होत्या. आग लागली, स्फोट झाले, जळता कापूस मांडवीच्या वस्तीवर उडाला. आग विझवायला गेलेले ६६ जवान मेले. १४ एप्रिल अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात तो त्यासाठी.

इथून पुढे गाडी पकडा आणि डॉकयार्ड रोडला उतरा. तुमचा अर्धा दिवस इथंच जाणार आहे, जाऊ द्या.

डॉकयार्ड रोड स्टेशन माझगावच्या टेकडीला टेकून आहे. आधी माणसांची बाजू. टेकडीवर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आहे, बागेच्या खाली पाण्याची मोठी टाकी. स्टेशनाकडून चढ अंगावर येतो, म्हणून वडिलांसाठी टॅक्सी करा, पलीकडच्या बाजूने वर न्यायला सांगा. वर गेल्यावर खाली रूळ, रुळांच्या पलीकडे क्रेनी, गोद्या, आणि हवा स्वच्छ असेल तर खाडीपलीकडचे डोंगर. मी सगळ्यांना सर्वात आधी इथं आणते, कारण शिवण म्हणजे काय ते इथं तोंडाने सांगावं लागत नाही. याच टेकडीवर इंग्रजांचा किल्ला होता, जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने तो घेतला आणि १६९० साली जाताना मोडून गेला.

काका बाप्टिस्टा म्हणजे टिळकांचे सहकारी, होमरूल लीगचे अध्यक्ष, १९२५ साली मुंबईचे महापौर. जन्म इथलाच, माथारपाखाडीचा. ही ईस्ट इंडियन लोकांची, म्हणजे मुंबईच्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती मंडळींची, जुनी वाडी अजून आहे: लाकडी जिने, कोपऱ्यावरचा क्रूस, आणि कान दिलात तर त्यांची आपली अशी मराठी बोली. गल्ली लहान आहे, दहा मिनिटांत संपते. दारात बसलेल्या आजीला नमस्कार केलात तर अर्धा तास लागेल. जवळच नवाब टँकच्या भागात एक चिनी मंदिर आहे, दुमजली, बाहेरून ओळखू न येणारं. बोटींवर आणि गोदीत कामाला आलेल्या चिनी लोकांनी बांधलेलं. आता इथं फारसं कुणी चिनी राहत नाही, पण त्यांच्या नव्या वर्षाला लाल कंदील लागतात. वडील दमले असतील तर मंदिर सोडा, वाडी सोडू नका.

आता मालाची बाजू, म्हणजे पूर्व. टॅक्सीवाल्याला भाऊचा धक्का सांगा. भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य. त्यांनी धक्का बांधला तो आजच्या जागी नव्हता. भराव पडत गेला, जुना किनारा पोटात गेला आणि नाव नव्या धक्क्यावर आलं. तुमच्या वडिलांचा धक्का हाच. पहाटे इथं मासळीचा लिलाव चालतो, तुम्ही पोचाल तेव्हा बर्फ आणि वास उरलेला असेल. रेवस आणि मोऱ्याच्या लाँच इथून सुटतात, आता मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो बोटही सुटते. १७ जुलै १९४७ ला, गटारी अमावास्येला, 'रामदास' बोट इथूनच रेवसला निघाली होती आणि काशाच्या खडकाजवळ बुडाली. ६०० हून जास्त माणसं गेली. अलिबागकडच्या बऱ्याच घरांत तिची आठवण असते. तुमच्या घरात असेल तर तुम्हाला कळायला हीच जागा. मी अशा वेळी माहिती सांगणं बंद करते आणि चहा आणायला जाते.

फोटोबद्दल इथंच सांगून टाकते. धक्क्यावर समुद्राचे, लाँचचे काढा. माझगाव डॉकच्या दिशेने, गोदीच्या फाटकांचे, पहाऱ्याचे नको. मी त्या भागात इतकी वर्षं काम केलं, तरी मलाही हटकलंय.

रे रोड आणि कॉटन ग्रीन खिडकीतून बघा. रे रोडचं स्टेशन काळ्या दगडाचं, वारसा यादीत आहे. पूर्वेला दारूखाना; दारू म्हणजे इथं बंदुकीची. जुन्या बोटी तोडायचा धंदा आणि लोखंडाचं भंगार यांची ती दुनिया, बघण्यासारखी आहे पण ट्रकची धूळ वडिलांना सोसणार नाही. या पट्ट्यातल्या धक्क्यांची नावं मात्र त्यांना वाचून दाखवा: कोळसा बंदर, लकडी बंदर, वीट बंदर, गवताचं ते 'हे' बंदर, इंग्रजीतलं हे म्हणजे सुकं गवत. ज्याचा माल, त्याचं नाव. कॉटन ग्रीनही त्यातलंच, कापसाचा बाजार कुलाब्याहून इथं आणला म्हणून. रे, सॅण्डहर्स्ट ही गव्हर्नरांची नावं. पश्चिमेच्या माणसांनी ही नावं कधी वापरलीच नाहीत. काळाचौकीचा माणूस काळाचौकीच म्हणतो. २०२४ च्या मार्चमध्ये राज्य मंत्रिमंडळाने कॉटन ग्रीनला काळाचौकी, डॉकयार्ड रोडला माझगाव, सॅण्डहर्स्ट रोडला डोंगरी अशा बदलांना मंजुरी दिली, तेव्हा आमच्या गटात वाद झाला. माझं मत: लोकांच्या तोंडातलं नाव पाटीवर यायलाच हवं, पण कॉटन ग्रीन गेलं तर इथं कापूस होता हे सांगणारी एक खूण जाईल.

शिवडी हे अटींचं ठिकाण. नोव्हेंबर ते मे या काळात असाल तर पूर्वेला उतरून जेट्टीवर रोहित पक्षी बघता येतात. ऐन भरतीत चिखल पाण्याखाली जातो आणि ऐन ओहोटीत पक्षी लांब सरकतात, म्हणून मधली वेळ साधावी लागते. भरतीचं वेळापत्रक आदल्या दिवशी बघा; वेळ जुळत नसेल तर उतरूच नका. जवळच्या किल्ल्यावरून चिखलही दिसतो आणि १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेला अटल सेतूही. पक्षी मला हल्ली पूर्वीपेक्षा लांब बसलेले वाटतात. पश्चिमेला बीडीडी चाळी आहेत, पण तिथं बघायला म्हणून जाऊ नये, कुणी ओळखीचं असेल तर जेवायला जावं.

जेवण म्हणजे वडाळा. इथं लाइन फुटते. एक फाटा कुर्ल्याकडे, एक किंग्ज सर्कलवरून वांद्र्याकडे. गोरेगाव किंवा वांद्र्याची गाडी बघून बसा, पुढचंच स्टेशन किंग्ज सर्कल. तिथून माटुंग्याच्या दाक्षिणात्य खानावळी आणि कॅफे मद्राससारखी जुनी उपाहारगृहं चालत्या अंतरावर आहेत. दुपारी रांग असते, म्हणून दीडच्या आत किंवा अडीचनंतर. वडिलांना वडाळ्याचं विठ्ठल मंदिर बघायचं असेल तर जेवून परत वडाळ्याला या. प्रतिपंढरपूर म्हणतात त्याला. फक्त आषाढीच्या दिवशी नको, त्या दिवशी रांग कुठं संपते ते मला वडाळ्यात वाढूनही सांगता येणार नाही.

वडाळ्यापुढे नियम बदलतो, तिथं समुद्र दूर जातो आणि पूर्व-पश्चिमेचं भांडण मिटतं. गुरु तेग बहादूर नगरला आम्ही अजून कोळीवाडाच म्हणतो. फाळणीनंतर पंजाबी निर्वासितांची वसाहत इथं उभी राहिली आणि कोळंबी कोळीवाडा हा पदार्थ त्यांच्याच हातचा असं सांगतात: नाव कोळ्यांचं, मसाला पंजाबचा. चुनाभट्टीचं नाव स्वतःच बोलतं. ही दोन्ही खिडकीतून पुरे.

तिकिटाचं एक ध्यानात ठेवा, कारण इथंच नवे लोक अडकतात. लोकलच्या साध्या तिकिटावर मधे उतरून पुन्हा चढता येत नाही. उतरलात की तिकीट संपलं. प्रत्येक टप्प्याचं वेगळं काढा, किंवा सरळ एक दिवसाचं पर्यटक तिकीट घ्या. तुमच्या आखणीत दुसरं सोयीचं पडेल. स्वच्छतागृह सीएसएमटीला वापरून निघा, पुढचा भरवसा मी देणार नाही.

म्हणजे हिशोब असा: खारघर ते सीएसएमटी सलग, मग वार आणि गर्दी बघून मस्जिद, डॉकयार्ड रोड नक्की आणि सावकाश, शिवडी भरती जुळली तर, किंग्ज सर्कलला जेवण, आणि चारच्या आत वडाळ्याहून पनवेल गाडी. पाचनंतर त्याच गाडीत वडिलांना उभं राहायलाही जागा मिळणार नाही.

एक शक्यता राहते. धक्क्यावर उभं राहिल्यावर वडील म्हणतील, जाऊन येऊ या का रेवसला? मी नेलेल्या कोकणातल्या तीन म्हाताऱ्यांपैकी दोघांनी हेच म्हटलं होतं. पावसाळा नसेल आणि ते तसं म्हणाले, तर किंग्ज सर्कलचं जेवण विसरा आणि तिकीट खिडकीवर जा. रेवसच्या बाजूला गाळ साचतो, ओहोटीला लाँचच्या वेळा पुढे-मागे होतात. तेव्हा परतीची शेवटची लाँच किती वाजता आहे ते चढायच्या आधी विचारून घ्या.